आईंच्या हातांना काम दे

चि. मनीषास,


परवा रात्री तुझा फोन झाला आणि नंतर मला झोप लागली नाही. ओजसच्या हातावर चहाचं आधण सांडलं, आईंनी धावत जाऊन टूथपेस्टची अख्खी ट्यूब त्याच्या हातावर पिळली, वरून हळद दाबली, आणि तू बाजूला उभी होतीस. "मला कळत होतं गं मावशी, पण तोंडातून शब्दच फुटला नाही," असं म्हणालीस. फोनवर मी तुला फक्त 'आधी दवाखान्यात ने' एवढंच सांगितलं. रडणाऱ्या माणसाला त्यापुढचं ऐकू जात नाही. काल कळलं की डॉक्टरांनी ती पेस्ट धुऊन काढली आणि भाजलेलं फार खोल नाही म्हणाले. मग जीव भांड्यात पडला आणि हे लिहायला बसले. फोनवरचं बोलणं विरून जातं. हे पत्र कपाटात ठेव आणि मृग लागायच्या आत एकदा परत वाच.

आधी तुझ्या त्या न फुटलेल्या शब्दाबद्दल. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मला नर्सबाई म्हणून रुजू होऊन दोनच वर्षं झाली होती. उपकेंद्राखाली सात-आठ वाड्या, सगळं पायी. एका वाडीत गृहभेटीला गेले तर ओटीवर सहा वर्षांचा एक मुलगा बसलेला, डावा हात गळ्यात अडकवलेला. आदल्या दिवशी दुपारी पेरूवरून पडला होता. कोपराजवळ हाड मोडलं होतं. शेजारच्या गावच्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या चारी बाजूंनी लावून, अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेल्या पट्टीने हात करकचून बांधला होता. अंडं सुकून ती पट्टी लाकडासारखी कडक झाली होती. बाहेर राहिलेली बोटं सुजून जांभळी, नखं राखेच्या रंगाची. मी एक बोट हलकेच सरळ करून पाहिलं, तर पोर असं किंचाळलं की परसातली कोंबडी उडाली. आजी म्हणाल्या, "हाड जुळताना ठणकतंच. सात दिवस पट्टीला हात लावायचा नाही, असं बजावून सांगितलंय."

माझ्या पिशवीत कात्री होती. मी म्हटलं, जरा सैल करूया. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला मुलं किती?" माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. मी कात्री परत पिशवीत ठेवली.

रात्रभर तळमळले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. घरात सगळे खुशीत होते. "ठणका थांबला बघा." मी त्याच्या बोटाला चिमटा काढला. त्याला कळलाच नाही. ठणका थांबला होता, कारण आतल्या नसा मेल्या होत्या. मग मात्र कुणाला न विचारता पट्टी कापली, त्याला तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. हात कापावा लागला नाही. पण मनगट आत वळलं, बोटं आकसून आकड्यांसारखी झाली ती झालीच. तो आता पन्नाशीला आला असेल. डाव्या हाताने त्याला पाण्याचा तांब्या धरता येत नाही.

पुढे एका डॉक्टरांनी मला नीट समजावलं. हाताचे स्नायू एका घट्ट पिशवीत असावेत तसे असतात. हाड मोडलं की आत सूज येते. त्या सुजेला बाहेरून आवळून जागाच ठेवली नाही, तर ती आतल्या रक्तवाहिन्या दाबते. रक्त पोचलं नाही तर सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतात. अशा वाकड्या हाताचं वर्णन जर्मनीतल्या फोल्कमान नावाच्या सर्जनने १८८१ साली करून ठेवलं होतं आणि घट्ट बांधणं हे कारणही तेव्हाच दाखवलं होतं. म्हणजे मी ओटीवर उभी होते तेव्हा या गोष्टीला शंभर वर्षं होत आली होती. त्या मुलाचा हात झाडावरून पडल्याने गेला नाही, पट्टीने गेला. आणि थोडा माझ्या गप्प राहण्याने.

म्हणून तुला सांगते, ओजसच्या बाबतीत देव पावला. पण पुढच्या वेळी गप्प राहू नकोस.

आता तू म्हणशील, मावशी, त्या हाड बसवणाऱ्याकडे तर लांबलांबून माणसं येतात. येतातच. आणि त्यातली बरीचशी बरीही होतात. मुलांची हाडं फार लवकर जुळतात. नुसता चिरा असला तर काही न करता हात गळ्यात अडकवला तरी तीन-चार आठवड्यांत जुळतो. त्याचं श्रेय कामटीला जातं. ज्यांना गुण आला त्यांची नावं गावाला पाठ असतात. ज्यांचा हात वाकडा राहिला त्यांच्या बाबतीत 'त्याचं नशीब' म्हणतात, नाहीतर 'पथ्य पाळलं नाही' म्हणतात, आणि विषय संपतो. आमच्या उपकेंद्रात जाडजूड रजिस्टरं असत. जन्म लिहायचा, मृत्यूही लिहायचा, लस दिली ते लिहायचं आणि लस देऊन ताप आला तेही लिहायचं. कंटाळा यायचा लिहून लिहून. पण नोकरीच्या शेवटी मला कळलं की औषध आणि तोडगा यांच्यात जर कुठला फरक असेल तर तो एवढाच: औषधाच्या वहीत मेलेल्यांचीही नावं असतात.

आपल्या कोकणातलीच गोष्ट सांगते. लाल विंचू चावला की पूर्वी धडधाकट पोरं जायची. घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, तोंडातून गुलाबी फेस यायचा, आणि सकाळपर्यंत खेळ खलास. तेव्हा मंत्र होते, विंचवाची मुळी होती, चावलेल्या जागी घासायचे दगड होते, आणि ते प्रत्येक गावात होते. शंभरात तीस-चाळीस रुग्ण दगावत होते. महाडच्या भागात डॉ. हिंमतराव बावस्कर या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, फेस कधी आला, कोण वाचलं, कोण गेलं, सगळं लिहीत गेले. त्यातून त्यांना उमगलं की विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो. रक्तदाबासाठी आधीच वापरात असलेली प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी देऊन पाहिली. ते निष्कर्ष 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून जगापुढे तपासायला ठेवले. मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनपर्यंत खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी स्वस्त आहे, आणि तिचा हा उपयोग शोधणारा माणूस खेड्यातलाच. तेव्हा 'गावाकडचं' विरुद्ध 'शहरातलं' असं हे भांडण नाहीच. मोजलेलं आणि न मोजलेलं, एवढाच प्रश्न आहे.

आई तुला हळदीवरून बोलतील. 'अमेरिकेलाही हळदीचं पेटंट सोडावं लागलं' हे त्यांनी टीव्हीवर ऐकलेलं असणार. ते खरंच आहे. जखम भरून यायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालं होतं, आणि डॉ. माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआर या संस्थेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. मलाही तेव्हा ऊर भरून आला होता. पण आपण तिथे काय सिद्ध केलं, ते नीट बघ. हा वापर नवा नाही, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, हे सिद्ध केलं. डब्यातली हळद भाजलेल्या कातडीवर दाबावी, हे कुठल्याही न्यायनिवाड्यात सिद्ध झालेलं नाही. हळदीवर संशोधन चालू आहे, तिच्यात गुण आहेत, मी नाही म्हणत नाही. पण आमटीत चमचा घालून पुन्हा डब्यात ठेवलेली, बाजारातून सुटी आणलेली ती पूड उघड्या जखमेवर टाकणं वेगळं. आणि पेस्टचा लेप बसला की खाली कातडी लाल आहे, पांढरी पडलीय की काळी, हे डॉक्टरांना दिसत नाही. ते बघण्यासाठी त्यांना तो खरवडून काढावा लागतो. ओजस त्या टेबलावर का ओरडत होता, ते तू बाहेरून ऐकलंसच.

भाजल्यावर काय करायचं ते आता ऐक. पाणी. साधं, वाहतं पाणी, वीस मिनिटं घड्याळ लावून. आपल्याकडे समज आहे की पाणी घातलं की फोड येतात. फोड पाण्याने येत नाहीत, आत राहिलेल्या उष्णतेने येतात. तू भात चुलीवरून उतरवतेस तेव्हा तो लगेच शिजायचा थांबतो का? झाकण ठेवलं की वाफेवर शिजतच राहतो. कातडीचंही तसंच. वरची कातडी भाजल्यावर आग खाली खाली उतरत राहते, आणि पेस्ट किंवा तूप लावणं म्हणजे वर झाकण ठेवणं. नळ नसला तर विहिरीचं पाणी तांब्या-तांब्याने ओतायचं. भाजून तास-दोन तास होऊन गेले असले तरी ओतायचं, तीन तासांपर्यंत उपयोग होतो. बर्फ नको, बर्फाने कातडी आणखी मरते. हातातलं कडं, अंगठी, मनगटातला काळा दोरा लगेच काढायचा. सूज आली की निघत नाही. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, भोवतीचा कापायचा. फोड फोडायचा नाही. मग धुतलेलं पातळ सुती कापड सैल टाकायचं आणि निघायचं. तोंड, हात, पाय, सांधा किंवा जांघेत भाजलं असेल, किंवा मुलाच्या तळहाताएवढी जागा असेल, तर घरी ठेवायचंच नाही.

आणि आता खरी गोष्ट. ओजस किंचाळला तेव्हा आईंना काहीतरी करायचं होतं. नातू तडफडतोय आणि आपण हात बांधून बघतोय, हे म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. त्यांचे हात पेस्टकडे गेले कारण त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. अशा वेळी 'लावू नका' म्हटलंस तर तू त्यांच्या हातातलं काम काढून घेतेस, आणि तिथे भांडण उभं राहतं. म्हणून त्यांना काम दे. "आई, तुम्ही तांब्याने ओता, मी याला धरते. वीस मिनिटं झाली की सांगा." त्या ओततील. वीस मिनिटं ओतत राहणं सोपं नाही, त्यांनाही वाटेल आपण नातवासाठी काहीतरी केलं, आणि ते खरंच असेल. मी त्या ओटीवर त्या आजींना असं काही काम दिलं असतं तर कदाचित कात्री चालली असती. "आजी, दिवा धरा, आपण दोघी मिळून बोटांचा रंग बघू" एवढं जरी म्हटलं असतं. हे मला सुचायला वीस वर्षं लागली.

पावसाळा तोंडावर आहे आणि तुमची शेती आहे, म्हणून बाकीचंही लिहून ठेवते.

कापलं की दगडीपाल्याचा रस, चुना, चहाची पूड, कोळ्याचं जाळं, काय काय लावतात. रक्त पाला थांबवत नाही, पाला धरून दाबणारा अंगठा थांबवतो. मग स्वच्छ कापडाच्या घडीवर अंगठा दाबायचा, दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. हे काम भाऊजींना दे, त्यांचा हात भक्कम आहे. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने माती धुऊन काढायची. शेण, राख, माती जखमेच्या आसपासही नको. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीतच बीज धरून बसतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला बाळाच्या नाळेवर राख आणि शेण लावत. आठव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, मग त्याची पाठ धनुष्यासारखी ताठ व्हायची. तशी तीन बाळं मी या डोळ्यांनी मातीत ठेवताना पाहिली आहेत. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं की भारताने नवजात बाळांचा धनुर्वात हटवला. मी तेव्हा निवृत्त होते, वर्तमानपत्र हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. हे लसीने, नव्या ब्लेडने आणि नाळेला काहीही न लावण्याने झालं. तेव्हा भाऊजींना विचार, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंय. आठवत नसेल तर गोठ्यातला खिळा लागायची वाट बघू नका.

पान लागलं, म्हणजे साप चावला, तर. तुमच्याकडे फुरसं फार, आणि जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार. मण्यारीच्या दाताची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि माणसं 'अपचन झालं' म्हणून ओवा देतात. मंत्र घालणाऱ्याकडे, कोंबडीची पिल्लं लावणाऱ्याकडे गर्दी का असते, तर बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. तेवढी माणसं कुणीही 'उतरवू' शकतो. उरलेल्यांसाठी मात्र प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं मरतात असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. विषावरची लस मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था बनवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती एकच चालते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. तिथे एक परीक्षा करतात, साधी पण मला फार आवडायची: काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त दह्यासारखं धरलं असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर फुरशाचं किंवा घोणशीचं विष चढलंय. भगत कितीही मोठा असो, तो नळीतलं रक्त गोठवू शकत नाही.

तेव्हा आवळून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. जोडवी, अंगठ्या काढायच्या, पाय मोडला असावा तसा फळीला सैल बांधायचा, चालू द्यायचं नाही. वाडीतून रस्ता नसेल तर डोली करायची; तिथे खांदा द्यायला चार माणसं लागतातच, त्यातल्या एकाने १०८ ला फोन लावायचा. आईंना देवाचं नाव घ्यायचं असेल तर अंगारा कपाळाला लावू दे. जखमेला नको, आणि त्यासाठी गाडी थांबवायची नाही.

कुत्रा चावला तर मिरची, चुना, रॉकेल काही नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी इंजेक्शन, मग ते देतील त्या सगळ्या तारखांना. पोटात चौदा सुया टोचतात या भीतीने लोक अजून टाळतात. ती जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली, आता दंडावर देतात. एकदा पिसाळीची लक्षणं दिसली की जगात कुठेही इलाज नाही.

झाडावरून पडला, कंबर धरली, तर पायाळू माणसाला बोलावून लाथ मारून घेतात. उसण असेल तर ती चार दिवसांत तशीही जाते. पण मणका मोडलेला असेल तर त्या लाथेने मज्जारज्जू तुटू शकतो आणि जन्माचं अंथरूण येतं. आंब्या-नारळावरून पडलेल्याला उठवून बसवायचंही नाही, फळीवर सरळ ठेवूनच न्यायचं. आणि लावणी-कापणीत भाताची पात डोळ्याला लागली तर जिभेने काढणं, अंगावरचं दूध, मध, मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब, यातलं काही नको. डोळ्यात फूल पडलं की गेलेली नजर सहजी परत येत नाही.

तू म्हणालीस, दवाखान्यात चार तास उभं राहिलो आणि कुणी मान वर करून बघितलं नाही. हे खरं आहे, आणि मला त्याची लाज वाटते, कारण मीही त्याच खात्यातली. हाड बसवणारा हातातलं काम बाजूला ठेवून मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो, आईला 'घाबरू नको' म्हणतो. लोक त्या शब्दासाठी जातात. पण मनीषा, गोड शब्दासाठी हात गमावू नये. पुन्हा असं झालं तर रांगेतून बाहेर ये आणि सिस्टरला मोठ्याने सांग, "मुलाची बोटं गार पडलीत, रंग बदललाय." हे शब्द ऐकल्यावर कुठलीही सिस्टर बसून राहणार नाही. 'हात दुखतोय' असं म्हटलंस तर रांगेतच राहशील.

एसटीच्या पार्सलने एक डबा पाठवते. त्यात निर्जंतुक गॉजची पाकिटं, रुंद पट्ट्या, गोल टोकाची कात्री आणि साबणाची वडी आहे. डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेव आणि कुठे आहे ते आईंना दाखव. किल्लीबिल्ली नको. त्यांना म्हण, मावशीने तुमच्यासाठी पाठवलाय.

ओजसचं ड्रेसिंग गुरुवारी आहे ना? पट्टी ओली झाली किंवा वास आला तर गुरुवारची वाट बघू नकोस, ताप आला तर तेव्हाच ने. मी शनिवारच्या गाडीने येते. त्याला सांग, मावशीआजी येताना त्याच्यासाठी आंबापोळी आणणार आहे, आणि ती त्याने भाजलेल्या हातानेच, बोटं उघडून, माझ्याकडून घ्यायची आहे.

तुझी,
मावशी